फाटकाचं माप

त्या दिवशी सकाळी वेल्डर ग्राइंडर चालवत होता. ग्राइंडर चालू असला की त्याला बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नसे. कानात कापसाचे बोळे, डोळ्यांवर जाड चष्मा, समोर ठिणग्या. खिशातला फोन तीनदा वाजून गप्प बसला. चौथ्यांदा फोन आला नाही, माळी आला.

बागेतला माळी. वेल्डरने त्याला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, पण बायकोच्या बोलण्यात तो रोज यायचा, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही. पायात मातीने भरलेले रबरी बूट आणि हातात बटणचा पट्टा. बटण म्हणजे घरचा कुत्रा. अंगाने पांढरा, एका डोळ्याभोवती काळा गोल. बायको शिवणकाम करायची, तिने आणल्या दिवशीच नाव ठेवलं होतं. एरवी वर्कशॉप दिसलं की बटण माणसाला फरफटत आत आणायचा. त्या दिवशी तो उंबऱ्याबाहेरच बसला.

वेल्डरने ग्राइंडर बंद केला. चाक लगेच थांबत नाही. ते थांबेपर्यंत दोघंही चाकाकडेच बघत राहिले.

"कुत्रा आणलाय," माळी म्हणाला. "बरा आहे तो. पाणी पाजलंय."

"आणि ती?"

माळ्याने पट्टा पुढे केला. वेल्डरने तो घेतला तेव्हा त्याला कळलं.

बागेच्या मागच्या उतारावर, वरच्या बाकावर बसल्या बसल्या ती गेली होती. छातीत कळ आली, तेवढंच. डॉक्टर नंतर म्हणाले की तिला फार त्रास झाला नसेल. असं ते सगळ्यांनाच सांगत असतील. गाडी आली, माणसं जमली, तरी बटण बाकाखालून निघायला तयार नव्हता. माळ्याने त्याला पोटाखाली हात घालून उचलून काढलं. जाताना माळी म्हणाला, "चावला नाही हो. मला वाटलं होतं चावेल."

बत्तीस वर्षं संसार झाला, पण वेल्डर त्या बागेत पाच-सहा वेळाच गेला असेल. ती म्हणायची, "अहो, एक दिवस तरी चला. तुमच्या त्या लोखंडाला पाय फुटणार नाहीत." तो म्हणायचा, "तू जा, माझं काम पडलंय." काम पडलेलं असायचंच. अर्ध्या वस्तीची फाटकं त्याने केली होती, म्हणून लोक त्याला फाटकवाले म्हणत. तीही चिडली की म्हणायची, "जगाला दारं करून दिलीत, स्वतः कधी दाराबाहेर पडू नका."

आता तो रोज जायला लागला. तिच्याच वेळेला, तिच्याच रस्त्याने. रस्ता त्याला माहीत नव्हता, बटणला माहीत होता. कोपऱ्यावरच्या चपला दुरुस्त करणाऱ्यापाशी बटण थांबायचा, म्हणजे ती तिथे बोलत उभी राहत असणार. चपलावाल्याने पहिल्या दिवशी नुसती मान हलवली. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "तुमच्याबद्दल फार सांगायच्या." काय सांगायची, हे विचारायचं वेल्डरला धाडस झालं नाही.

उताराच्या पायथ्याशी पट्टा काढला की बटण सुसाट वर जायचा. दुसरी कुत्री एकमेकांच्या मागे लागायची, गवतात लोळायची. हा मात्र सरळ त्या बाकाखाली जाऊन बसायचा, नाक पायवाटेकडे करून. वेल्डर दमत दमत वर पोचायचा आणि बाकावर बसायचा. अर्धा तास. कोणी बाई पायवाटेने वर आली की बाकाखाली शेपटी दोनदा आपटायची. बाई जवळ आली की शेपटी थांबायची.

मुलगी दुसऱ्या गावाहून फोन करायची. "बाबा, रोज तिथेच कशाला जाता? दुसरीकडे फिरवा ना त्याला."

"मी कुठे जातो? तो नेतो."

"हो, आणि तुम्ही बिचारे पट्ट्याला बांधलेले."

तो हसायचा. फोन ठेवल्यावर हसू लगेच जायचं.

तिच्या जाण्याला चार महिने झाले आणि बागेच्या दाराशी एक पाटी लागली. उद्यान खातं बागेत कुत्री मोकळी सोडण्याची जागा बदलणार होतं. मागच्या उतारावर फुलझाडं लावायची, तिथे कुत्र्यांना बंदी. त्याऐवजी पुढच्या बाजूला, रस्त्यालगतच्या सपाट जागेवर जाळीचं कुंपण घालून कुत्र्यांसाठी वेगळी जागा. नागरिकांनी शनिवारी सकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत येऊन आपलं मत द्यावं.

वेल्डरने पाटी दोनदा वाचली. बटणने पाटीच्या खांबावर पाय वर केला.

"बरोबर आहे तुझं," वेल्डर म्हणाला.

आयुष्यात तो कुठल्या सभेला गेला नव्हता. शनिवारी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला आणि आरशासमोर उभं राहून म्हणून बघितलं, "बाक आहे तिथेच राहू द्या." आरशात ते फार किरकोळ वाटलं. पण त्याला तेवढंच हवं होतं. सकाळचा अर्धा तास ती शेवटची जिथे बसली तिथे बसायचं. तेही गेलं तर दिवस कुठून सुरू करायचा, हे त्याला माहीत नव्हतं.

खोलीत तीसेक माणसं होती. भिंतीला बागेचा मोठा नकाशा टाचलेला. दारात प्रत्येकाला गोल चिकट टिकल्या देत होते. योजना पसंत असेल तर हिरवी, नसेल तर लाल, नकाशावर नेऊन लावायची. वेल्डरची बोटं इतक्या वर्षांच्या भाजण्याने गुळगुळीत झालेली. कागदापासून टिकली सुटेना. शेजारी दोन काळ्या कुत्र्यांची बाई होती, बागेत रोज दिसायची. तिने नखाने लाल टिकली सोडवून त्याच्या बोटावर ठेवली.

"लालच ना काका?"

"लालच."

त्याने ती उतारावर, बाकाच्या जागी, अंगठ्याने दाबून लावली.

उद्यान खात्याच्या मॅडम तरुण होत्या, आणि घसा बसलेला असूनही हसतमुख. ही त्यांची त्या आठवड्यातली चौथी सभा होती. सगळ्यात आधी उठले ते बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. ते रोज बागेत पळायचे आणि कुत्र्यांना हाकलायला गळ्यात शिट्टी घालायचे. त्यांना सगळे शिट्टीच म्हणत, तोंडावर सोडून.

"बाग माणसांसाठी आहे की जनावरांसाठी, ते एकदाचं ठरवा," शिट्टी म्हणाले. "मागच्या सोमवारी एक कुत्रं माझ्यामागे पूर्ण दोन फेऱ्या धावलं."

"तुम्ही शिट्टी वाजवता म्हणून!" दोन काळ्या कुत्र्यांची बाई बसल्या जागेवरून ओरडली. "शिट्टी वाजली की यायचं, हे आम्ही पैसे भरून शिकवलंय त्यांना!"

खोली हसली. मॅडमसुद्धा हसल्या आणि मग खोकल्या. कोणी म्हणालं पुढे सावली नाही, कोणी म्हणालं पाण्याचा नळ पाहिजे, एका आजोबांनी पंधरा मिनिटं वेगळ्याच बागेबद्दल तक्रार केली. मग मॅडमची नजर वेल्डरकडे गेली. त्याने हात वर केला होता आणि खाली घ्यायला विसरला होता.

तो उभा राहिला. आरशासमोरचं वाक्य तोंडात आलंच नाही. खरं कारण तीस माणसांसमोर काढून ठेवणं त्याच्याच्याने होण्यासारखं नव्हतं. मग तो जे जाणत होता तेच बोलला.

"पुढची जागा रस्त्याला लागून आहे. माझं आयुष्य फाटकं करण्यात गेलंय. माणूस आत येतो तेव्हा फाटक उघडतो. उघडलं की कुत्रा बाहेर. बाहेर रस्ता. तुम्ही कितीही उंच जाळी लावा, फाटक हे भोकच असतं. मागचा उतारच बरा."

लोकांनी माना डोलावल्या. वेल्डरला स्वतःचं आश्चर्य वाटलं. तो बसायला लागला.

"काका, अगदी बरोबर बोललात," मॅडम म्हणाल्या. "पण त्याचा विचार झालाय. खरं म्हणजे ही सगळी योजना एका सूचनेवरूनच सुरू झाली. मागच्या वर्षी आम्ही बागेत सूचनापेटी ठेवली होती ना, त्यात एका बाईंनी टाकली होती. नुसती सूचना नाही, नमुनाही दिलाय. आमच्या ऑफिसात सगळ्यांना दाखवून झालाय."

त्यांनी फायलीतून घडी घातलेला खाकी कागद काढला आणि टेबलावर उलगडायला सुरुवात केली. घडीवर घडी उलगडत गेली. कागद टेबलाच्या दोन्ही बाजूंनी खाली लोंबायला लागला. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात भोक होतं आणि भोकात निळ्या दोऱ्याचं कडं.

वेल्डर अर्धवट बसलेला होता, तसाच राहिला.

घरी शिवणयंत्राच्या मागच्या भिंतीवर असे साठ-सत्तर कागद खिळ्यांना लटकत होते. बाह्या, कॉलर, पाठी. प्रत्येकाच्या कोपऱ्यात भोक आणि भोकात निळा दोरा. लहान आकाराचं चित्र काढणं तिला कधी जमलं नाही. कशाचंही माप सांगायचं म्हणजे ती ते खऱ्या आकारात कागदावर कापून द्यायची. इथे तिने फाटक कापून दिलं होतं.

"एकामागे एक अशी दोन फाटकं," मॅडम सांगत होत्या. "मध्ये चार पावलांची जागा. आणि सोबतचं पत्र मी वाचूनच दाखवते, गोड आहे. नावं आम्ही वाचत नाही."

त्यांनी बसलेल्या घशाने वाचलं:

"मागचा उतार छान आहे, पण मला आता चढवत नाही. निम्म्यात दम लागतो. वरच्या बाकापर्यंत कशीबशी जाते आणि बसून राहते, तोवर कुत्रं कंटाळतं. घरी सांगितलेलं नाही, उगाच घोर लावून घेतील. तरी पुढची सपाट जागा द्यावी. माझ्यासारख्या आणखी असतील. रस्ता जवळ आहे म्हणून फाटकं दोन करावीत, एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. माप कापून दिलं आहे, माणूस आणि कुत्रा शेजारी शेजारी जातील एवढं, बेचाळीस इंच. फाटकं कुठून करून घ्यायची ते मला विचारावं. घरचाच माणूस आहे, काम चोख करतो, फक्त पाठीमागे लागावं लागतं."

सगळे हसले. शिट्टीसुद्धा हसले.

वेल्डर खाली बसला. त्याला वाटत आलं होतं की तो बाक तिचा आवडता होता. वरून पायवाट दिसते, झाडं दिसतात, म्हणून ती तिथे बसत असेल. चार महिने तो तेच बघत बसला होता, ती काय बघायची म्हणून. ती काही बघत नव्हती. तिला पुढे चालवत नव्हतं.

"काका, बरं वाटत नाहीये का?" दोन काळ्या कुत्र्यांच्या बाईने विचारलं.

तो उठला, नकाशापाशी गेला आणि लाल टिकली काढायला लागला. बोटांना ती लागेचना. अंगठ्याच्या नखाने खरवडली तशी ती निघाली नाही, नकाशा फाटला.

"राहू द्या काका," मॅडम जवळ येऊन हळू म्हणाल्या. "बदलायचंय का मत? मी लिहून घेते."

"घ्या," तो म्हणाला. "आणि फाटकं मी करीन. दोन्ही."

"त्याला अर्ज करावा लागेल, आणि... तुम्ही का पण?"

वेल्डरने टेबलावरच्या कागदाकडे बोट केलं. "तो घरचा माणूस मी."

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं, पत्राकडे पाहिलं. "मग त्या आल्या नाहीत?"

"नाही," तो म्हणाला. मग आणखी काहीतरी म्हणायला हवं म्हणून म्हणाला, "त्या तुमच्या उतारावरच गेल्या. वरच्या बाकावर."

मॅडमचा हसरा चेहरा पहिल्यांदाच उतरला. त्यांनी कागदाची घडी घातली, जशीच्या तशी, आणि त्याच्या हातात दिली.

त्या रात्री त्याने मुलीला फोन केला. "आईला दम लागायचा, तुला माहीत होतं?"

"मला म्हणाली होती, बाबांना सांगू नकोस. म्हणाली, फाटकांचं काम आटपलं की दाखवते डॉक्टरला."

"कुठल्या फाटकांचं?"

"ते कुठे सांगितलं तिने? तुमची फाटकं कधी संपायची का बाबा?"

महिन्याभरात कुंपण उभं राहिलं. खात्याच्या माणसांनी खांब रोवले, जाळी ताणली, पाण्याचा नळही दिला. मॅडमनी सांगून ठेवलं की फाटकं बसली की पुढची जागा उघडायची आणि त्याच दिवशी मागचा उतार कुत्र्यांना बंद. तोवर जसं चाललंय तसं चालू द्या.

वेल्डरने बाकी सगळी कामं बाजूला ठेवली. वर्कशॉप झाडून घेतलं, जमिनीवर खाकी कागद पसरला आणि वाऱ्याने हलू नये म्हणून चार कोपऱ्यांवर नट ठेवले. पाइप कागदाच्या कडेला लावून तो खूण करायचा आणि कापायचा. टेप हातात घेतली नाही. चाळीस वर्षांत एकही फाटक त्याने जागेवर जाऊन खांबांमधलं अंतर मोजल्याशिवाय कापलं नव्हतं. नव्या कारागिराला तो पहिल्या दिवशी तेच शिकवायचा. पण या वेळी माप समोर होतं, तिच्या हातचं. त्यावर टेप लावायची म्हणजे तिला खोटं पाडायचं, असं त्याला वाटलं. बटण कागदाच्या कडेला पडून असायचा, पाय कागदावर येऊ न देता. तेवढी शिस्त तिने लावलेली होती.

पहिलं फाटक चार दिवसांत झालं. जोड त्याने इतके घासले की बोट फिरवलं तर कळू नये. कडी अशी केली की म्हाताऱ्या माणसालाही एका हाताने उघडता यावी. हातगाडीवर घालून तो आणि माळी ते बागेत घेऊन गेले.

फाटक खांबांत शिरेना.

माळी म्हणाला, "तिरकं घाला." तिरकं घातलं. "वरून सोडा." वरून सोडलं. माळी दोन पावलं मागे गेला आणि डोकं खाजवत म्हणाला, "फाटकवाले, राग मानू नका, पण हे दुसऱ्याच कुणाचं आणलंत की काय?"

वेल्डरने टेप काढली. खांब बेचाळीस इंचांच्या फाटकासाठी बरोबर होते. फाटक भरलं चव्वेचाळीस.

ते परत आणून त्याने वर्कशॉपच्या भिंतीला टेकवलं आणि कागद पुन्हा जमिनीवर पसरला. कागदही चव्वेचाळीस. ती मापात चुकणारी नव्हती. त्याने दार पूर्ण उघडलं. दुपारचं ऊन आडवं कागदावर आलं. मग त्याला दिसलं. कडेपासून एक इंच आत, चारी बाजूंनी, खडूची रेघ. घडीत राहून, फायलीत घासून जवळजवळ पुसून गेलेली. सरळ वरून पाहिलं तर काहीच नाही, गाल जमिनीला टेकवून पाहिलं तर पुसट पांढरी.

आतली रेघ शिवायची. बाहेरची कापायची. मधला इंच शिवणीत दुमडायला. बत्तीस वर्षं जेवायला बसायच्या आधी त्याने तिला हेच करताना पाहिलं होतं, आतली रेघ आणि बाहेरची रेघ. एकदा त्याने विचारलं होतं, "एवढं कापड वाया का घालवतेस?" ती म्हणाली होती, "वाया नाही हो. पुढेमागे माणूस जाड झालं तर उसवून सैल करता येतं." लोखंडाला शिवण नसते, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. हाताने सवयीने दोन रेघा मारल्या असतील आणि बाहेरच्या रेघेवर कात्री चालवली असेल. आणि आपण काय लिहिलंय ते माहीत असल्यामुळे पुन्हा मोजलं नसेल.

तो तसाच जमिनीवर आडवा पडून राहिला. बटण उठून आला आणि त्याच्या पाठीला पाठ लावून झोपला. खडूवर बोट फिरवावंसं वाटत होतं, पण फिरवलं असतं तर रेघ गेली असती.

फाटक दोन इंच कमी करणं म्हणजे अर्ध्या तासाचं काम. एका बाजूचा उभा पाइप सोडवायचा, आडवे पाइप दोन इंचांनी कापायचे, पाइप पुन्हा जोडायचा. शिकाऊ माणूसही करील.

मॅडमचा फोन येतो. "काका, कुठवर आलं?"

"होतंय."

"माझ्यावर नका रागवू, पण त्या लिहून गेल्यात, पाठीमागे लागावं लागतं म्हणून."

"बरोबरच लिहिलंय," तो म्हणतो.

दोन काळ्या कुत्र्यांची बाई उतारावर भेटते तेव्हा काही विचारत नाही, पण तिचा गुडघा सुजलेला असतो आणि ती निम्म्यात थांबून श्वास घेते. वेल्डर ते बघतो. वर बाकावर जाऊन बसतो. बाकाखाली शेपटी दोनदा आपटते आणि थांबते. अर्ध्या तासाने तो उठतो आणि जाताना पुढच्या रिकाम्या कुंपणावरून जातो. तिथे नवं गवत उगवलंय. नळ आहे. फाटकांच्या जागी दोन रिकामे चौकोन आहेत आणि माळ्याने त्यांना दोरी बांधून ठेवलीय.

रोज सकाळी वर्कशॉप उघडल्यावर तो आधी ग्राइंडर जोडतो. कापसाचे बोळे कानात घालतो. मग दुसऱ्या कुणाची खिडकी, दुसऱ्या कुणाचा जिना हाती घेतो.

पहिलं फाटक भिंतीला टेकून आहे. त्याचे दोन इंच कापायचे राहिलेत. दुसरं अजून सुरू केलेलं नाही.